सुटलेली सम

१

धूर विरला तेव्हा चौरंगावर देवी होती, पण देवीला तोंड नव्हतं.

कलश जागेवर, नारळ जागेवर, झेंडूचा हार जागेवर. नारळावर बसवलेला तळहाताएवढा चांदीचा मुखवटा तेवढा नाहीसा. देवीची पूजा गोजरबाईच्या घराण्याकडे सात पिढ्यांची. ती आधी हसलीच. धुरानं डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून दिसत नसेल असं तिला वाटलं. मग तिनं हातानं चाचपलं, आणि अशी किंचाळली की जिनाच्या टिनावरचे पारवे एका दमात उडून गेले.

अमडापूरच्या किसनरावांचं हे कापसाचं जिन. हंगाम संपला होता, यंत्रं गप होती, गोदाम झाडून लख्ख केलेलं. बाहेर चैत्राचं ऊन माणसाला भाजून काढत होतं. म्हणून मंजुळाबाईच्या नाचाची बैठक भर दुपारी या गोदामात, दारं लावून, चार कंदिलांच्या उजेडात बसवली होती. नाच सुरू होण्याआधी देवी आणून बसवायची, तिच्यापुढं पहिला गण म्हणायचा, ही तिथली रीत.

"दारं उघडू नका!" किसनराव गरजले. "कोनी जागचं हलायचं नाई!"

दाराबाहेर दोन गडी लाठ्या घेऊन बसले होते. आत शिरलेलं एकही माणूस बाहेर गेलं नव्हतं.

गर्दीनं आधी चौरंगाकडे पाहिलं. मग सगळ्यांची डोकी हळूहळू वळली ती कॅमेऱ्यामागं उभ्या असलेल्या उकंडरावाकडे.

शेगावच्या स्टेशनासमोर उकंडरावाची फोटोची खोली होती. धावत्या मेलगाडीतल्या ड्रायव्हरची शिंक आपण काचेवर पकडली आहे, असं तो छातीठोक सांगे. शिंक फोटोत दिसते कशी, असं कोणी विचारलं तर म्हणे, "ते पाहाले नजर लागते, बाप्पा." आज मात्र तो हात उंच धरूनच उभा राहिला होता. त्याच्या हातात पत्र्याची ताटली होती, ताटली अजून गरम होती, आणि तिच्यात फोटोच्या उजेडासाठी पेटवलेल्या भुकटीच्या भडक्यानंच तर दीडशे माणसं अर्धा मिनिट आंधळी झाली होती.

"या फोटोवाल्यानं आपल्याले आंधळं केलं," कोणीतरी बोललं, "अन् त्याच्या जोडीदारानं हात मारला."

"जोडीदार कोन?"

चौरंगाच्या उजवीकडून उत्तर आलं. किसनरावांचे धाकटे भाऊ हिंमतराव खुर्चीतून उठले होते. त्यांनी चौरंगाच्या डावीकडं बोट दाखवलं. तिथं ढोलकी मांडीवर घेऊन पुंजाजी बसला होता.

"त्याची ढोलकी फोडा," हिंमतराव म्हणाले. "मुखवटा तिच्यात हाये."

२

पुंजाजीनं ढोलकी छातीशी धरली, जशी आई तापाचं पोर धरते. "मालक, ही माया बापाची हाये. दोन्ही तोंडाले कातडी पुड्या लावलेल्या हायेत, आत काय जाईल? हलवून पाहा."

किसनरावांनी ती घेतली आणि कानाशी धरून हलवली. आत काही वाजलं नाही. पुंजाजीचं धोतर झाडून झालं, फेटा सोडून झाला. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी आपले खिसेही स्वतःच उलटे करून दाखवले. मुखवटा नव्हता.

"फोडल्याशिवाय कसं समजल?" हिंमतराव पुन्हा म्हणाले.

किसनराव उकंडरावाकडं वळले. "खरं सांगा. भडका कधी उडनार, हे कोनाले माईत होतं?"

उकंडरावानं ताटली खाली ठेवली. खरं सांगणं म्हणजे पुंजाजीच्या गळ्यात दोर घालणं, आणि खोटं सांगायची सवय असली तरी अशा ठिकाणी त्याला ते जमेना.

"मालक, नाचाचा फोटो हा लगनाचा फोटो नाई," तो सांगू लागला. "लगनात 'हलू नका' म्हनता येते. नाचनारीले 'हलू नको' म्हटलं तर ती बाहुली होते. म्हनून मी ढोलकीले धरतो. ताल फिरत फिरत जिथं येऊन टेकतो, तो शेवटचा ठोका म्हनजे सम. समेच्या आधी पुंजाजी एकच बोल तीनदा वाजवतो. तिसऱ्याच्या शेवटी सम, अन् समेवर बाई गिरकी संपवून एका पायावर क्षनभर थांबते. तेवढ्यात भडका. आधी अंधारात भिंगाची टोपी काढून ठेवायची, सम आली की भडका, मग टोपी परत. कंदिलाचा उजेड काचेवर उमटत नाई, भडक्याचा तेवढा उमटते."

"मंग येवढा धूर काऊन?"

"तुम्हीच म्हनले ना, बाई बी पायजे अन् मागचे पाहुने बी पायजे. भिंगाचं भोक मोठं ठेवलं तर बाई ठसठशीत अन् पाहुने धुक्यात. दोन्ही पायजे तर भोक बारीक करा लागते. भोक बारीक केलं की उजेड कमी शिरते, म्हनून भुकटी दुप्पट."

"ते राहू द्या. समेवर भडका, हे कोनाकोनाले माईत होतं?"

उकंडरावानं मान खाली घातली. "मले. बाईले. अन् पुंजाजीले."

गोदामात कुजबुज उठली. किसनरावांनी टिनाच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप पाहिली.

"चिखलीले गडी धाडतो, हवालदार दिवस बुडायच्या आत येते," ते पुंजाजीला म्हणाले. "तोवर मुखवटा निंघाला नाई, तर ढोलकी फोडून पाहीन अन् तुले त्याच्या हवाली करीन. अन् फोटोवाले, तुम्ही बी त्याच गाडीत बसान."

३

उकंडरावाला स्वतःची धास्ती होतीच, पण तिच्याहून जड दुसरीच गोष्ट होती. सकाळी याच पुंजाजीला त्यानं कोपऱ्यात घेऊन, बिडी पेटवून देऊन म्हटलं होतं, "तू समेवर पक्का राह्य, बाकी माया अंगावर." पुंजाजी समेवर पक्का राहिला होता. आणि आता अंगावर त्याच्याच आलं होतं.

हवालदार येईपर्यंत चौकशी करू द्या, अशी गयावया करून त्यानं परवानगी मिळवली, आणि आधी गोजरबाईपाशी जाऊन बसला.

"बाई, भडक्याच्या वेळी तुमी काय पाह्यलं?"

"मी काऊन पाहू? गणाच्या वेळी तुया पयला भडका उडाला तवाच माया जीव गेल्ता. तवापासून तोंडावर पदर घेऊन बसली. मले फकस्त आवाज आला."

"कायचा?"

"खस्स... असा. पायाखाली रेती आली की येते तसा." ती डोळे पुसू लागली. "दादा, गाव मलेच म्हनन, तुह्या पुढ्यातून देवी गेली कशी."

मंजुळाबाई घुंगरू सोडत बसली होती. चाळिशीची बाई, आवाज धारदार. "मले काय विचारता फोटोवाले? तुमीच तर म्हनले, भडक्याच्या वक्ताले पापनी लवू देऊ नका. मी उघड्या डोयानं आंधळी झाली. पन येक सांगते. माया पुंजाजी देवीची चोरी कराचा नाई. त्याले चोरी कराची असती तर वीस वर्षांत मायी केली असती, मी काय त्याच्याशी कमी भांडते?" हसता हसता तिनं घुंगरू बाजूला ठेवले. "ती ढोलकी फुटली तर तो मरते. दुसरी आनता येईल, म्हनून सांगू नका त्याले."

हिंमतराव चौरंगाच्या उजवीकडल्या खुर्चीत पुन्हा बसले होते. जिनाचा कारभार तेच पाहत. खुर्चीला लागून आगीच्या लाल बादल्या होत्या, दोन पाण्याच्या, दोन रेतीच्या. जिनात कापसाचं एक बोंड असलं तरी भडक्याचा भरवसा नाही, म्हणून त्या त्यांनीच ठेवायला लावल्या होत्या.

"मालक, भडका उडाला तवा तुमी काय करत होते?"

"काय करनार? बसलो होतो. मले त्या नाचाचं काई कळत नाई. दादानं वढून आनलं म्हनून आलो. मले कापसाची गाठ कळते, ढोलकी नाई कळत."

"अन् ती ढोलकी फोडाच, असं काऊन म्हनता? हलवून तर पाह्यली."

हिंमतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "अशा वस्तूंचा भरवसा नसते," ते म्हणाले. "उठा आता."

उकंडराव उठला, आणि त्याच्या जोड्याखाली खस्स झालं. त्यानं खाली पाहिलं. झाडून लख्ख केलेल्या फरशीवर चिमूटभर रेती सांडली होती.

आग तर कुठंच लागली नव्हती. मग रेतीत हात घातला कोणी?

४

रेतीत मुखवटा आहे, हे ओरडून सांगायचा मोह त्याला झाला. पण त्यानं तो गिळला. मुखवटा बादलीत सापडला तरी तो पुंजाजीनंच टाकला, असं म्हणायला गाव मोकळं. आणि मालकाच्या भावावर बोट ठेवायचं तर चिमूटभर रेती पुरणार नव्हती.

गोदामालगतच्या सरकीच्या खोलीला खिडकी नव्हती. उकंडरावानं दाराच्या फटीत घोंगडी कोंबली, लाल काचेचा दिवा लावला, बाटल्या काढल्या आणि दोन्ही काचा धुवायला घेतल्या. पहिली गणाच्या वेळची, दुसरी चोरीच्या वेळची. हे काम त्यानं हजारदा केलं होतं. आज त्यानं प्रत्येक बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचली.

काचेवर सगळं उलटं उतरतं. गोरं ते काळं, काळं ते उजळ. माणसांचे चेहरे कोळशासारखे, आणि उघड्या डोळ्यांत बाहुलीच्या जागी सुईच्या टोकाएवढा उजेडाचा ठिपका. दुसऱ्या काचेवर मंजुळाबाई एका पायावर उभी होती. घुंगरांचा चाळ पायाहून बोटभर दूर, हवेतच थांबलेला. असा फोटो उकंडरावानं जन्मात काढला नव्हता, आणि त्या घटकेला त्याला तो फेकून द्यावासा वाटला.

त्यानं बारीक भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक चेहरा पाहत गेला.

किसनराव, डोळे उघडे. पाहुणे, सगळ्यांचे उघडे. पुंजाजी, ढोलकीवर वाकलेला, डोळे फाडून बाईच्या पायाकडं पाहणारा. बरोबरच होतं. भडका पापणीहून लवकर येतो. तो उडाल्यावर मिटायला गेलं तर चित्र आधीच झालेलं असतं. भडक्याच्या नेमक्या क्षणी डोळे गच्च मिटलेले असतील, तर तो क्षण त्या माणसाला आधी ठाऊक असला पाहिजे. आणि धुरात ज्याला दिसायला हवं, तोच डोळे सांभाळील.

गोजरबाईच्या तोंडावर पदर होता. पहिल्या काचेवर नव्हता. पहिल्या भडक्यानंतर घेतला, हे म्हातारीनं खरंच सांगितलं होतं. पदराआडून चाचपणाऱ्या बाईला रेतीची बादली गाठता आली नसती.

मग तो उजवीकडल्या खुर्चीवर आला. पहिल्या काचेत तिथं दोन ठिपके होते. दुसऱ्या काचेत एकही नव्हता. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली.

उकंडरावानं भिंग खाली ठेवलं. चोरीच्या आधी समेची गोष्ट हिंमतरावांना कोणी सांगितली नव्हती. ज्याला ढोलकी कळत नाही, त्याला सम येणार हे कळलं कसं?

बाहेरून टांग्याच्या घोड्याची टाप ऐकू आली. हवालदार आला होता.

५

"पापनी तर कोनाचीबी लवते," किसनराव काच तिरपी धरून म्हणाले. उकंडरावानं नाव घेतलं नव्हतं, नुसतं "एका मानसाचे डोळे मिटलेले हायेत" एवढंच सांगितलं होतं. "याच्यावर मी कोनाले चोर म्हनू?"

"नका म्हनू. मले येक फोटो अजून काढू द्या. जो तो आपल्या जागी बसन, तोच बोल वाजन. मंग मी सोता तुमच्या हवालदाराच्या गाडीत बसतो."

हवालदाराला चहा यायचा होता. किसनरावांनी मान हलवली.

उकंडराव पुंजाजीपाशी गेला, ढोलकीची दोरी पाहतो आहे असं दाखवून त्याच्या कानाशी लागला. "तिन्ही येळ वाजव. पन शेवटचा ठोका देऊ नको. हात वर राहू दे."

पुंजाजीचा चेहरा उतरला. "सम सोडू? उकंडभाऊ, बाप मेला त्या दिवशीबी म्या सम सोडली नाई. सम सोडनं म्हनजे पानावर बसल्या मानसाच्या पुढून ताट वढनं."

"सोडली नाई तर ढोलकी फुटते, पुंजाजी."

पुंजाजीनं ढोलकीला हात लावून कपाळाला लावला.

दारं लागली. मंजुळाबाई उभी राहिली. उकंडरावानं ताटली उंच धरली. तिच्यात भुकटीचा कणही नव्हता, पण ते त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. सगळ्या गोदामानं श्वास धरला. भडका येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. समेवर, हेही ऐकलं होतं, पण सम नेमकी कधी, ते कोणाला कळत नव्हतं. कोणी उगाच डोळे मिटून उघडत होतं, कोणी दात खाऊन ताटलीकडं टक लावून होतं.

ढोलकी घुमू लागली. ताल फिरला, चढला. मंजुळाबाईची गिरकी सुरू झाली. पहिल्यांदा बोल वाजला. दुसऱ्यांदा. उकंडराव कॅमेऱ्याकडं पाहत नव्हता, बाईकडंही नाही. तो एकाच खुर्चीकडं पाहत होता. तिसऱ्यांदा बोल सुरू झाला, अगदी कडेपर्यंत आला, आणि पुंजाजीचा हात हवेत थांबला.

गोदामात अशी शांतता पडली की जणू पुढची पायरीच कोणी काढून घेतली.

आणि त्या शांततेत, जिथं ठोका पडायचा नेमक्या तिथं, थप्प असा आवाज आला.

हिंमतरावांचे डोळे गच्च मिटले होते. त्यांचा उजवा हात खुर्चीशेजारच्या बादलीवर पडला होता.

६

"मालक," उकंडराव हळू म्हणाला, "डोळे उघडा. भडका उडालाच नाई."

हिंमतरावांनी डोळे उघडले. आधी ताटली पाहिली, मग आपला हात, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

"दीडशे मानसं होती," उकंडराव किसनरावांना म्हणाला. "सम कुठं होती ते येकालेच कळलं. दुपारी गणाच्या समेवर पयला भडका उडाला, तवाच यांच्या ध्यानात आलं की दुसराबी समेवरच उडन. कोनी सांगायची गरज नव्हती. ज्या बादलीवर हात हाये, तिच्यातली रेती उपसा."

गड्यानं बादली पालथी केली. रेतीच्या ढिगातून देवीचं तोंड वर आलं, डोळ्यांत रेती भरलेली. गोजरबाईनं ते पदरात घेतलं आणि फुंकर मारू लागली.

"हिंमत!" किसनरावांचा आवाज फुटला. "काय कमी होतं बे तुले?"

"मुखवट्याचं मले काय करायचं होतं, दादा? उद्या आपोआप चौरंगावर दिसला असता." हिंमतराव पुंजाजीच्या मांडीकडं पाहत होते. "मले फक्त ती फुटलेली पाहाची होती. तुले याद नाई? याच जिनाच्या आंगनात. आपल्या आबानं मायी ढोलकी फोडली होती."

किसनरावांनी तोंड फिरवलं.

"येक हंगाम नाचाच्या या फडासंगं पळालो होतो मी, अठरा वर्षांचा असताना. मले उचलून आनलं. पाटलाचं पोरगं कातड्यावर हात मारते म्हनून आबानं कुऱ्हाडीनं फोडली. मी सोडवाले जात होतो. माये हात कोनं धरले होते, दादा?"

 किसनरावांनी आपले दोन्ही हात उपरण्याखाली घेतले, आणि बघणाऱ्यांना कळायचं ते कळलं.

मंजुळाबाईनं हिंमतरावांकडं नीट पाहिलं, जणू वीस वर्षांपूर्वीचं एखादं पोरगं त्या मिशांमागं शोधत होती. "तुमीच का ते?" ती म्हणाली. "तुमी गेल्यावर आमाले ढोलकीवाला नव्हता. तवा पुंजाजी आला."

पुंजाजी उठला. शिव्या देईल असं वाटलं. पण तो हिंमतरावांपुढं थांबला आणि नुसतं म्हणाला, "सम बराबर होती, मालक." मग ढोलकी फडक्यात गुंडाळून बाहेर पडला.

हवालदारानं चहा पिऊन कागदावर लिहिलं, देवीचा मुखवटा गर्दीत पडला होता, सापडला. किसनरावांनी सांगितलं, त्यानं लिहिलं. पुंजाजीची कोणी माफी मागितली नाही.

दिवस टेकला तेव्हा फडाची बैलगाडी चिखलीच्या रस्त्याला लागली. उकंडरावही तीत बसला होता, काच कडब्यात जपून ठेवलेली. नेहमीसारखी एखादी थाप मारून माणसं हसवावी असं त्याला वाटलं, पण सुचली नाही. पुंजाजी आपल्या उजव्या हाताकडं पाहत होता.

"ठोका अजून बोटात अडकून हाये," तो म्हणाला. "झोप नाई यायची मले आज."

गाडी जिनाच्या मागल्या बाजूनं चालली होती. तेवढ्यात बंद गोदामातून आवाज आला. पत्र्याच्या रिकाम्या बादलीवर कोणीतरी बोटं मारत होतं. आधी अडखळत, मग सरळ. पुंजाजीनं गाडीवानाच्या खांद्यावर हात ठेवला. बैल थांबले. तोच बोल. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

आणि सम.

पुंजाजीनं दाद दिल्यासारखा कानाच्या पाळीला हात लावला. "चाल," तो गाडीवानाला म्हणाला.

उकंडरावानं कडब्यातली काच काढून मावळत्या उजेडापुढं धरली. उजवीकडल्या खुर्चीत एक माणूस डोळे मिटून, मान किंचित कलवून बसला होता. चोराचा चेहरा म्हणून दुपारी त्यानं तो ओळखला होता. आता पाहिलं तर तो माणूस नुसता ऐकत होता.